लातूरच्या रस्त्यावर विझणारा दिवा

सकाळी माझ्यासोबत फिरायला येणाऱ्या नाशिकच्या मैत्रिणींना मराठवाडा म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, ऊन आणि टँकर. "एप्रिलात कोण जातं गं तिकडं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ज्यांचं माहेर तिकडं असतं त्या जातात. परत आले की सगळं लिहून दाखवीन, असंही कबूल केलं होतं. निघताना वाटलं होतं की खाण्यापिण्याचं आणि हसण्याचं लिहीन. तसं थोडं आहेही यात.

रात्रभरचा प्रवास करून गाडी सकाळी नांदेडला पोचली. फलाटावर दादा उभा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एसटीत ड्रायव्हर म्हणून लागला आणि एसटीतूनच निवृत्त झाला. हदगाव, मुदखेड, देगलूर, उदगीर, कुठल्याही रस्त्याचं नाव घ्या, कुठल्या वळणावर म्हशी आडव्या येतात तेसुद्धा तो सांगेल. ड्रायव्हर असण्याचा त्याला जेवढा अभिमान आहे, तेवढा कलेक्टरला कलेक्टर असण्याचा नसेल.

"आलीस का? लई वाळलीस गं शोभे," तो म्हणाला.

"दर वेळी हेच म्हणतोस. एकदा माझ्या वजनकाट्याला सांग ना हे."

तो हसला आणि माझी बॅग उचलून पुढे चालायला लागला. चालताना उजवा पाय जरा जास्तच उचलून टाकतोय असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाला, "मधी शुगरनं लई मुंग्या येत होत्या पायाला. रातभर झोप नसायची. आता बंद झाल्या. एकदम बरं हाय." मला बरं वाटलं. औषध लागू पडलं असेल, असंच कुणालाही वाटलं असतं.

मी आले होते ते त्याच्या लेकीला आणायला. प्रज्ञा लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, नवराही तिथलाच. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला बापानं जायचं, ही आमच्याकडची रीत. वहिनी असती तर ती गेली असती दादाबरोबर. ती जाऊन काही वर्षं झाली, म्हणून आत्याला बोलावणं आलं. जावई बिचारा फोनवर म्हणत होता की मीच आणून सोडतो. दादानं त्याला गप्प केलं. "लेक पोचती करत नसतात, न्यायला जावं लागतं," म्हणाला. आणि न्यायची ती स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवून. गोड बातमी कळल्यापासून त्याच्या डोक्यात हेच होतं. वहिनीला कधी एसटीशिवाय दुसऱ्या गाडीत बसवता आलं नाही, ही सल त्याला आहे. त्याच्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची आणि तिकीट काढायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडी जुनी घेतलेली, पांढरी, पण दादानं तिला बैलपोळ्याच्या बैलासारखं नटवून ठेवलेलं. पुढच्या सीटवर मोठा स्टीलचा डबा होता, त्यात धपाटे, येसर (धान्यं आणि मसाले भाजून केलेलं आमटीचं पीठ) आणि डिंकाचे लाडू. डबा हलू नये म्हणून त्याला पट्टा लावलेला. मी मागे.

"माझ्यापेक्षा डब्याची काळजी जास्त दिसतीय," मी म्हटलं.

"डबा सांडतो. तू सांडत न्हाईस."

दादानं चपला काढून सीटखाली सारल्या. तो कायम अनवाणीच गाडी चालवतो. ड्रायव्हरला तळव्यानं दिसतं, असं त्याचं म्हणणं. बुद्धविहाराजवळ ओळखीच्या माणसानं हात वर केला, दादानं काच खाली करून "जयभीम, लेकीला आणाया चाललो" असं सांगितलं. पुढे भाजीवाल्याला सांगितलं, पेट्रोल पंपावर सांगितलं. नांदेड सुटेपर्यंत अर्ध्या गावाला बातमी पोचली होती.

गोदावरीचा पूल ओलांडून लोह्याच्या रस्त्याला लागलो. काढणी झालेली काळी रानं दोन्ही बाजूंना उघडी पडली होती, बांधावर कडुलिंब तेवढे हिरवे. रस्ता मात्र आता झकास झालाय. मोकळा रस्ता पाहून दादा खुलला. "आता बघ गंमत," म्हणाला आणि त्यानं स्टिअरिंगवरची दोन बटणं दाबली. समोर काट्यांच्या मधे एक बारीक हिरवा दिवा लागला. हा त्याचा क्रूझ कंट्रोल. वेग एकदा ठरवून दिला की गाडी आपली आपण त्या वेगानं चालत राहते. पाय काढून घ्यायचा, निवांत बसायचं. ब्रेक दाबला की ते सुटतं. या एका बटणासाठी त्यानं ही गाडी पसंत केली होती. लांबच्या रस्त्याला पाय भरून येतो म्हणाला.

"बघितलंस? पाय मोकळा!" तो म्हणाला, आणि दिवा विझला.

त्यानं पुन्हा दाबलं. लागला. एक ट्रॅक्टर मागे टाकेपर्यंत टिकला आणि पुन्हा विझला. दादाच्या मानेवरची शीर ताठ झाली. "हे असं करून राहिलंय बघ दोन महिन्यापासून. नांदेडला बटण बदललं. मग तो म्हणाला स्टिअरिंगमधली तारांची पट्टी गेली, ती बदलली. तरी तेच. एकाला बी कळत न्हाई."

"मग नको ना वापरूस. तसं चालवता येतंच की तुला."

"प्रज्ञाला दाखवायचंय," तो म्हणाला.

माळाकोळीच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना शेंगदाण्याचा कूट घालून केलेली फोडणी) मिळाली. नाशिकच्या मंडळींनी पोह्यांचा गर्व करू नये, आधी ही खाऊन बघावी. ऊन तापलं होतं. मी सावलीत बाकावर बसून खात होते. दादा चपला न घालताच उतरला आणि बॉनेट उघडून फ्यूज तपासत डांबरावर उभा राहिला. टपरीवाला मला म्हणाला, "बाई, त्यांचे पाय न्हाई का भाजून राहिले?" मी हाक मारली. दादानं वळून पाहिलं. "डायवरचे पाय हायत हे, मऊ न्हाईत तुमच्यासारखे!" टपरीवरचे सगळे हसले, मीही हसले. तो आणखी बराच वेळ तिथंच उभा होता. परत गाडीत बसताना त्यानं तळवा झटकला, तेव्हा त्याला चिकटलेलं डांबर मला दिसलं.

पुढे डोंगर लागतो. बालाघाटचे हे डोंगर कुणी मुद्दाम बघायला येत नाही, पण उन्हाळ्यात त्यांचा रंग भाजलेल्या भाकरीसारखा होतो आणि मला तो आवडतो. अहमदपूर येईपर्यंत दिवा इतक्या वेळा विझला की दादा बोलायचाच बंद झाला. गावाच्या तोंडाशी गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान होतं. दादानं न विचारता गाडी तिथं लावली.

दुकानदाराचं नाव अन्वरभाई. पन्नाशीचा, बोलघेवडा माणूस. गाडी बघायच्या आधीच म्हणाला, "बटणच गेलं असणार, ड्रायवरसाब. ह्या गाड्यांचं ठरलेलं हाय." दादा चिडून म्हणाला की बटण नवीन आहे. तरी अन्वरभाईनं ऐकलं नाही. स्टिअरिंगमध्ये अपघातात फुगणारा फुगा (एअरबॅग) असतो, तो उडू नये म्हणून आधी बॅटरीची तार काढली, थोडा वेळ थांबला, मग मधलं झाकण उघडलं. मीटरच्या दोन सुया बटणाच्या तारांना लावून तो एकेक बटण दाबत गेला. प्रत्येक बटणाला मीटरवर वेगळा आकडा यायला हवा म्हणाला, आणि येत होता. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना त्यानं मला बटण दाबून धरायला लावलं. आकडा हलला नाही. "पट्टी बी चांगली," तो म्हणाला. आता त्याचा आवाज जरा उतरला होता.

मग सगळं जोडून त्यानं डॅशबोर्डखाली तपासणीचं यंत्र लावलं आणि पडद्याकडे बघत राहिला. "ड्रायवरसाब, हे म्हणून राहिलं की क्रूझ ब्रेकमुळं सुटतं. दर टायमाला ब्रेक दाबल्याचं दाखवतंय."

"मग यंत्र बिघडलं असंल तुमचं. म्या ब्रेकला पाय लावला न्हाई."

"न्हाई न्हाई, तुम्ही कशाला लावाल? पायडलच्या वर एक बारीक बटण असतं, त्यानं मागची लाल लाइट लागते. ते अडकत असंल. मग गाडीला वाटतं ब्रेक दाबला."

हे दादाला पटलं. मलाही पटलं. अन्वरभाईनं आडवं होऊन, मान वाकडी करून ते बटण काढलं आणि नवीन बसवलं. मग गाडी स्वतः चालवायला घेतली. डबा माझ्या शेजारी मागे आला, दादा पुढे बसला. शिरूर ताजबंदच्या दिशेनं बरंच लांब जाऊन आम्ही परत आलो, हिरवा दिवा एकदाही विझला नाही. दादा लहान पोरासारखा खूश झाला. "झालं! शोभे, झालं बघ! वाह रे अन्वरभाई!" त्यानं अन्वरभाईच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, आता मी एक चक्कर मारतो.

त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत, दादाच्या हातात दिवा लागला आणि विझला. पुन्हा लागला आणि विझला. अन्वरभाई मोटरसायकलवर आमच्या मागून येत होता. परत आल्यावर दादा काही न बोलता नळावर तोंड धुवायला गेला. अन्वरभाई माझ्याजवळ आला.

"ताई, एक बोलू का? वाईट नका वाटून घेऊ. मागची लाल लाइट लागत होती. आधी लाइट लागते, मग क्रूझ सुटतं. मी चालवली तवा न्हाई लागली. बटण बी नवं, वायर बी चांगली." त्यानं नळाकडे पाहिलं. "तुम्ही पुढं बसा. त्यांच्या पायाकडं बघा जरा."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी कसं सांगू, ताई? ह्यांच्यासारख्यांच्या एसटीत बसून शाळेला गेलेलो हावं आम्ही."

मी पुढच्या सीटवर बसले, डबा मांडीवर घेतला. दादानं विचारलं, डबा मागं का नाही ठेवला? मी म्हटलं, सांडतो. तो हसला नाही. शिरूर ताजबंद गेलं, चाकूरचा रस्ता सुरू झाला. ऊन आता समोरच्या काचेवर होतं. मी रस्ता बघायचं ढोंग करत होते. दादानं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. त्याचा उजवा पाय एक्सिलेटरवरून उचलला गेला आणि सरळ ब्रेकवर जाऊन बसला. दाबायला नव्हे, टेकायला. दिवा विझला.

"दादा, पाय कुठंय तुझा?"

"कुठं असंल? खाली. मॅटवर."

"बघ जरा."

"चालवताना खाली बघत नसतात."

"गाडी बाजूला घे आणि बघ, दादा."

माझा आवाज ऐकून त्यानं गाडी बाजूला घेतली. डाव्या पायानं क्लच दाबून, गिअर काढून, हँडब्रेक ओढला, सगळं शिस्तीत. मग मान वाकवून खाली पाहिलं. त्याचा काळा, रापलेला पाय ब्रेकच्या रबरावर टेकलेला होता. तो त्याच्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या गाडीत आलाय अशा नजरेनं पाहत होता.

"सवय हाय ती," तो शेवटी म्हणाला. "एसटीत शिकिवलंच तसं होतं. रिकामा पाय ब्रेकवर. हात गेला तरी चालंल, ब्रेकवरचा पाय जाऊ द्यायचा न्हाई."

"पण तुला तो मॅटवर वाटत होता."

तो पायाकडेच बघत होता. मी हळूच विचारलं, सकाळी डांबर भाजलं नाही का तुला? ज्या मुंग्या थांबल्या म्हणून तो खूश होता, त्या पाय बरा झाला म्हणून थांबल्या नव्हत्या. पाय सांगायचाच थांबला होता.

"सवयच हाय," दादा पुन्हा म्हणाला. मग दार उघडून उतरला आणि पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला. "तू चालीव लातूरपर्यंत. सातव्या महिन्याची पोरगी बसायची हाय ह्यात."

मी नोकरीतून मोकळी झाल्यावर गाडी शिकले. नाशिकमध्ये भाजी आणण्यापुरती चालवते. दादाशेजारी बसून चालवायची वेळ कधी आली नव्हती, आणि देवानं कुणावर आणू नये. "क्लच हळू सोड. आरसा बघ. अगं, ट्रक काय तुझा सासरा हाय का, एवढी वाट द्यायला?" मी त्याला बोलू दिलं. बोलत होता तोवर बरं होतं. आष्टा मोडाच्या पुढे तो गप्प झाला, तेव्हा मला रडू आवरेना. लातूरमध्ये शिरताना सिग्नलला डाळ मिलकडे जाणारे ट्रक, रिक्षा, आणि खांबाखांबावर क्लासच्या पोरापोरींचे फोटो. त्या गर्दीत गाडी दोनदा बंद पडली. एरवी दादा ओरडला असता.

प्रज्ञा दारातच उभी होती. चेहरा भरलेला, पोट पुढे आलेलं, अगदी वहिनी. "पप्पा! आत्या कशी काय चालवून राहिली? तुम्ही देता का कुणाला स्टिअरिंग?"

दादानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बटण खराब हाय गाडीचं," तो म्हणाला. "म्हटलं तुझ्या आत्याची बी हौस फिटू दे."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी डबा तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायकांनी तिची ओटी भरली, जावयानं सामान गाडीत ठेवलं आणि आम्ही निघालो. मी स्टिअरिंगवर, प्रज्ञा माझ्या शेजारी, दादा मागे. चाकूर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. माझा पाय भरून आला होता.

"शोभे," मागून आवाज आला, "बटण दाब. वरचं आधी, मग खालचं. आता पाय काढ."

मी दाबलं. हिरवा दिवा लागला. गाव आलं की मी ब्रेक दाबायची आणि तो विझायचा. गाव मागे पडलं की दादा म्हणायचा, "दाब." मोकळ्या रस्त्यावर तो आपणहून एकदाही विझला नाही. डोंगर उतरलो, माळाकोळी गेलं, दिवा तसाच. एकदा तरी विझ रे बाबा, असं मी मनात म्हणत होते. आरशात दादा दिसत होता. तो माझ्या खांद्यावरून त्या दिव्याकडेच बघत होता.

"चालू आहे की पप्पा!" प्रज्ञा म्हणाली.

"हाव. मस्त चालू हाय," तो म्हणाला.

नांदेडला घरी पोचलो. प्रज्ञाला भाकरीचा तुकडा ओवाळून घरात घेतलं. शेजारच्या बायका तिच्याभोवती जमल्या, तेव्हा दादानं मला खूण करून अंगणात बोलावलं. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. इंजिन बंद, दार उघडं, चपला काढून ठेवलेल्या.

"मागं जाऊन उभी राहा," तो म्हणाला. "लाल लाइट लागली की लागली म्हण, विझली की विझली म्हण. मी डोळे मिटून दाबतो."

मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले.

"दाबला," तो म्हणाला.

"लागली."

"सोडला."

लाइट लागलेलीच होती. मी वाट पाहिली. हळूहळू विझेल असं वाटलं.

"शोभे, सोडलाय मी. विझली का?"

एक शब्द खोटा बोलले असते तर त्यानं मानला असता. पण त्या गाडीत उद्या प्रज्ञा बसणार होती, मग तिचं बाळ बसणार होतं.

"नाही दादा. लागलेलीच आहे."

बऱ्याच वेळानं लाइट विझली. त्यानं हातानं गुडघा धरून पाय उचलून बाहेर ठेवला होता. मग किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बाळंतपण झालं की प्रज्ञाला शिकीव. तू शिकीव. मला ओरडायची सवय हाय." एवढं बोलून तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. वहिनी गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी पायाला कापूस लावून पाहिला, टाचणी टोचून पाहिली आणि सांगितलं की गेलेलं परत येईल असं धरून चालू नका, पायाला जपा, अनवाणी फिरू नका. दादानं मान डोलावली. येताना दुकानातून मऊ तळव्याचे बूट घेतले.

मैत्रिणींनो, नांदेड-लातूर रस्ता चांगला आहे. सुशीला जरूर खा. अहमदपूरला गाडी बिघडली तर अन्वरभाईकडे न्या, आधी बोलेल फार, पण शेवटी खरं सांगेल. याहून जास्त काय लिहू ते मला कळत नाही. परत निघाले त्या संध्याकाळी दादा स्टेशनवर आला होता. पायात बूट होते, नाड्या प्रज्ञानं बांधून दिलेल्या. गाडी हलली, त्यानं हात वर केला. लग्न झाल्यापासून मला सोडायला तो कायम स्वतः चालवत आला, आधी एसटी, मग ही गाडी. या वेळी आम्ही ऑटोनं आलो होतो, आणि वाटभर तो ऑटोवाल्याला सांगत होता, पुढं गतिरोधक हाय, जरा हळू.